दारू दुकानाचा परवाना आणि गावाचा कौल : दौंड-शिरूर परिसराच्या संदर्भात

मुंबई अबकारी कायद्यान्वये (१८७८) दारूच्या दुकानासंबंधीचा निर्णय सरकारी अधिकाऱ्यांच्या हाती एकवटला. १९०५-०६ च्या भारतीय अबकारी समितीनंतर मोठ्या शहरांत स्थानिक समित्यांचा विचार झाला. परंतु त्यांचे स्वरूप सल्लागाराचेच राहिले. १९०८ मध्ये टिळकांच्या पुढाकाराने पुण्यात दुकानांवर झालेल्या पिकेटिंगकडे या पार्श्वभूमीवरही पाहिले पाहिजे. बैठकीत ज्याला अधिकार नाही, तो दुकानाच्या दारात उभा राहतो.

गावाला निर्णायक मत मिळण्यास बराच काळ जावा लागला. ग्रामसभेची गणपूर्ती पंधरा टक्के मतदार किंवा शंभर, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. तहकूब सभेस तीही आवश्यक नाही. सभा भरविणे त्यामुळे सोपे झाले, पण उघड मतदानात परवानाधारक, भावकी व घरातील कर्ता पुरुष यांच्यासमोर स्त्रीने हात वर करणे सोपे नव्हते. २५ मार्च २००८ च्या शासन आदेशातील गुप्त मतदानाचे महत्त्व येथे आहे. पंचवीस टक्के महिला मतदारांनी वा एकूण मतदारांनी मागणी करावी, सह्यांची पडताळणी व्हावी आणि ‘उभी बाटली’ की ‘आडवी बाटली’ याचा कौल घ्यावा, अशी ही पद्धत होती. महसूल गोळा करणारे उत्पादन शुल्क खातेच या प्रक्रियेत मध्यवर्ती असावे, ही विसंगती नजरेआड करता येत नाही.

खरी अडचण मात्र गणिताची होती. बंदीसाठी झालेल्या मतदानाच्या नव्हे, तर यादीतील एकूण मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते लागत. समजा, यादीत १२०० महिला आहेत. ७०० जणींनी मतदान केले आणि ५९० जणींनी आडव्या बाटलीला मत दिले, तरी दुकान चालूच राहते. गैरहजर स्त्रीचे मत अशा रीतीने उभ्या बाटलीच्या पारड्यात पडते. सासरी गेलेल्या मुलींची नावे माहेरच्या यादीत राहतात. मजुरीसाठी बाहेर असलेल्या स्त्रियांना मतदानाच्या दिवशी गावी परतणे परवडत नाही. दौंड-शिरूरसारख्या उसाच्या, रेल्वेच्या व रांजणगाव औद्योगिक वसाहतीच्या परिसरात लोकांची ये-जा मोठी. तेथे मतदार यादी अद्ययावत करणे हेच दारूबंदी चळवळीचे पहिले काम ठरते.

दौंड व शिरूर या नगरपरिषदांच्या शहरांत कौल प्रभागापुरता असतो. रस्त्याच्या पलीकडे दुसरा प्रभाग लागला, तर तेथील दुकान या कौलाच्या कक्षेत येतच नाही.