तीन दगडांची चूल

इतिहास म्हटला की आपल्यापुढं किल्ले येतात, तख्तं येतात, तलवारी येतात. पाठ्यपुस्तकानं तेवढंच दाखवलं. त्या फौजांची भाकरी कुठल्या चुलीवर भाजली, ते सरपण कुणी वाहिलं, हे कुणी लिहिलं नाही. दोस्तांनो, ते आपण लिहायला पाहिजे. कारण तीन दगड मांडून उघड्यावर रांधायची पाळी ज्यांच्यावर पिढ्यान्‌पिढ्या आली, ती माणसं आपली आहेत.

चूल किती जुनी? पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजनं तिथं उत्खनन केलं. इ.स.पूर्व १६०० ते ७०० या काळातली वस्ती निघाली. घरात चुली, अंगणात चुली. आधीची घरं मोठी, चौकोनी. शेवटच्या काळात लहान गोल झोपड्या. पाऊस हटला, शेती बसली, माणसं भटकायला लागली, असा अर्थ संशोधकांनी लावला. घर लहान झालं, चूल सुटली नाही. मनुस्मृती रचली जायच्या कितीतरी आधी या मातीत विस्तव होता. त्याला विटाळ मागाहून चिकटवला.

आता ही चूल मांडतात कशी ते नीट समजून घ्या. आपल्या बायांचं हे शास्त्र आहे आणि त्याला कुणी शास्त्र म्हटलं नाही. तीनच दगड का? चार पायांचं बाजलं खडबडीत जागी डुगडुगतं. तीन टेकू कुठंही ठेवा, डुगडुगत नाहीत. दगड कोरडा घ्यायचा, घट्ट काळा. नदीच्या पात्रातला ओला दगड नाही घ्यायचा. आत मुरलेल्या पाण्याची वाफ होते आणि दगड तडकून अंगावर उडतो. तिन्ही दगड एका उंचीचे, वीतभर. दोन फटी मातीनं लिंपायच्या, तिसरी जळणासाठी मोकळी सोडायची. नुसती काळी माती चालत नाही. ती भिजली की फुगते, वाळली की फाटते. पांढरी नाहीतर तांबडी माती घ्यावी, तिच्यात भुसा आणि शेण घालावं, भिजवून पायांनी तुडवावी. पातळ थर द्यावा, तो सुकला की दुसरा. ओल्या चुलीत जाळ घातला की भेगा पडल्याच. भांडं दगडांच्या टोकांवर बसावं, खाली बोटभर फट राहावी. नाहीतर धूर कोंडतो आणि जाळ मरतो. लाकडं कोंबायची नाहीत. टोक जळेल तसतशी आत सारायची. लाकडाखालून वारा खेळला पाहिजे.

एवढं ज्ञान ज्या हातात होतं, त्या हाताचं रांधलेलं विटाळाचं ठरलं. गावकीची सगळी कामं महारानं करायची आणि संध्याकाळी दारोदार भाकरी मागायची. म्हणजे राबणूक आपली आणि चूल दुसऱ्याची. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी सांगितलं, मेलेल्या ढोराचं मांस सोडा, उष्टंशिळं सोडा. ह्याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. मागून आणलेली भाकरी सोडायची म्हणजे आपली चूल आपण पेटवायची.

आणि त्याच महाडात चुलीवर घाला पडला. १९ आणि २० मार्चची परिषद. पिण्याचं पाणी चाळीस रुपयांना विकत घ्यावं लागलं. २० तारखेला लोक चवदार तळ्यावर गेले, पाणी प्याले. मागून मंडपावर लाठ्या घेऊन जमाव आला. शिजलेलं अन्न मातीत गेलं. डोकी फोडली तशी भांडीही फोडली. कारण त्यांना ठाऊक होतं, जो आपलं आपण शिजवून खातो तो वाकत नाही.

डिसेंबरात लोक पुन्हा आले, हजारोंनी आले. बाजारानं माल द्यायला नकार दिला, म्हणून दहा दिवसांचा शिधा बाहेरून आणला. जागा मिळेना, ती फत्तेखान या मुसलमान गृहस्थानं दिली. २५ डिसेंबर १९२७ ला मनुस्मृती जाळली. त्या आगीचं वर्णन सगळ्यांनी केलं. पण एवढी माणसं जेवली म्हणजे दुसरीकडं चुलवणंही पेटलीच असणार. पहिल्या आगीनं पोथी जळली, दुसरीनं माणसं टिकली. इतिहासात दोन्ही पाहिजेत.

पुढचंही ऐका. १९७२ च्या दुष्काळात खेडी रिकामी झाली. मे १९७३ मध्ये जवळजवळ पन्नास लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. दिवसभर खडी फोडायची आणि त्याच माळावर तीन दगड मांडून रांधायचं. त्या रेट्यातून १९७७ चा रोजगार हमी कायदा आला. आज ऊसतोडीच्या हंगामात बीडकडची माणसं कारखान्याच्या रानात कोप्या घालतात. कोपीपुढं तीन दगड आहेतच. पाचट जळतं, धूर होतो, आणि पहाटे तीनला उठलेली बाई त्या धुरात भाकऱ्या थापते.

म्हणून चुलीची पूजा बांधू नका. उघड्या तीन दगडांवर जळणाची शंभरातली दहा-पंधरा भागच धग भांड्याला लागते. बाकीची वाऱ्यावर, आणि धूर बाईच्या छातीत. १९४७ ला वर्ध्यात मगन चूल निघाली. १९५३ ला हैदराबादेत एस. पी. राजूंनी धुराड्याची चूल मांडली. १९८३ ला गुजरातेतल्या खेड्यांतल्या चुलींच्या धुराची मोजदाद छापून आली. त्याच दशकात सरकारनं सुधारित चुलींची योजना काढली, तीन कोटींवर चुली बसवल्या आणि २००२ ला योजना बंद केली. बऱ्याच चुली त्याआधीच मोडल्या होत्या, दुरुस्तीला कुणी फिरकलं नव्हतं. २०१६ ला उज्ज्वला आली. सिलिंडर घरात आला, पण तो पुन्हा भरायला रोकड लागते. रोकड संपली की बाई पुन्हा तीन दगडांपाशी. चूल बदलायची तर मजुरी बदलावी लागते, हे कुठल्याच योजनेत लिहिलेलं नसतं.

आपल्या भाषेत एक म्हणणं आहे, वेगळी चूल मांडणं. १९५७ ला रिपब्लिकन पक्ष झाला आणि दोन-तीन वर्षांत चुली वेगळ्या. १९७२ ला पँथर उठली, १९७४ ला तिच्यात फूट. प्रत्येकानं एकेक दगड उचलून नेला. एका दगडावर भांडं बसत नाही, गड्यांनो.

आणि शेवटचं, आपल्याच घरातलं. महाडात डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेब बायांशी वेगळं बोलले, त्यांना माणूस म्हणून उभं राहायला सांगितलं. आपल्या शिबिरात आजही माईक गड्यांच्या हातात आणि फुंकणी बायांच्या. पुढच्या शिबिराला चूल तुम्ही मांडा. माती तुडवा, दगड आणा, धूर डोळ्यांत घ्या. बायांना मंडपात बसू द्या. बोलू द्या.