दुखत नाही म्हणून थांबू नका

आमच्या महाड-पोलादपूरकडे लहान मुलाच्या शौचातून रक्त पडले की घरात पहिला शब्द निघतो ‘उष्णता’. पोट दुखत नसेल तर आणखी चार दिवस वाट पाहतात. पण न दुखता पुष्कळ रक्त जाणे हीच एका जन्मजात दोषाची खूण असू शकते.

योहान फ्रेडरिक मेकेल या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने १८०९ साली त्याचे सविस्तर वर्णन केले. गर्भात आतड्याला जोडलेली एक नळी जन्माआधीच नाहीशी व्हायची असते. शंभरातल्या सुमारे दोघांत तिचा तुकडा लहान आतड्यावर पिशवीसारखा उरतो. बहुतेकांना त्रास होत नाही. काहींच्या पिशवीत मात्र जठराचे अस्तर असते. त्यातल्या आम्लाने आतड्याला जखम होते आणि रक्त वाहते. तोंडातून वा गुदद्वारातून घातलेली नेहमीची दुर्बीण तिथवर पोचत नाही. स्कॅनमध्येही ती कधी कधी सापडत नाही. म्हणून पूर्वी कारण शोधायलाच पोट उघडावे लागे.

आतड्याच्या जखमेवरचे इलाज जुने आहेत. फाटलेले आतडे मुंग्यांच्या जबड्यांनी सांधण्याचा उपाय सुश्रुतसंहितेत आहे. हजार वर्षांपूर्वी कुर्तुबाच्या अबुल कासिम अल-जहरावींनीही ‘अत-तसरीफ’ या ग्रंथात तो नोंदवला. इल्म कुणा एका कौमची नसते, ती अशी.

पोट न फाडता आत पाहण्याच्या आपल्याकडच्या इतिहासात मुंबईच्या जे. जे. या सरकारी रुग्णालयाचे नाव मोठे आहे. तिथे डॉ. तेहेमटन उडवाडिया १९७२ पासून दुर्बिणीने निदान करू लागले आणि १९९० साली त्यांनी भारतातली पित्ताशयाची पहिली दुर्बीण-शस्त्रक्रिया केली. आज बालशल्यचिकित्सक बेंबीतून दुर्बीण घालून ती पिशवी शोधतात आणि काढूनही टाकतात. जखम लहान राहते, मूल लवकर घरी येते.

मात्र ही सोय मोठ्या शहरात. पोलादपूरच्या वाडीतून मुलाला तिथवर न्यावे लागते, आणि उशीर बहुधा घरातच होतो. विंचू चावल्यावर मांत्रिकाकडे न जाता दवाखाना गाठायचा, हे आपल्या भागाला बिरवाडी-महाडमध्ये काम केलेल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी शिकवले. तीच सवय इथेही हवी. शौचातून रक्त दिसले, मूल पांढरे पडले, मलूल झाले, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. रक्ताचा रंग आणि किती वेळा गेले तेही नीट सांगा. निदान तिथूनच सुरू होते.