धारची लाट आणि लोखंडाचा ताव

इंदूरहून पश्चिमेला साठेक किलोमीटरवर धार. पवारांची गादी तिथे, होळकरांची आमच्याकडे; माळव्यातल्या मराठी घरांची सोयरीक या दोन गावांत विणलेली. दक्षिणेकडचे पाहुणे आले की मी त्यांना धारला नेतो आणि लाट मशिदीपाशी चौथऱ्यावर आडवे ठेवलेले लोखंडी खांबाचे तीन तुकडे दाखवतो. "एवढा खांब ओतला कसा असेल हो?" हा प्रश्न ठरलेला. तो ओतलेलाच नाही, असे सांगितले की मंडळी थोडी हिरमुसतात. पूर्वजांनी लोखंडाचा रस करून खांब उभारला, ही कल्पना त्यांना अधिक भावते. मला मात्र न ओतण्यातच खरी करामत दिसते.

तिन्ही तुकड्यांची लांबी मिळून सुमारे १३.२ मीटर भरते, वजन अंदाजे सात टन. दिल्लीचा सुप्रसिद्ध लोहस्तंभ सव्वासात मीटरांच्या आतबाहेर आहे. परंपरा ही लाट भोजराजाच्या काळात, म्हणजे अकराव्या शतकात नेते. दिलावरखान घोरीने १४०५ साली बांधलेल्या मशिदीला नाव पडले ते हिच्यावरूनच.

शुद्ध लोखंड वितळते १५३८ अंश सेल्सियसला. लोणारी कोळसा आणि हातभाता यांवर चालणाऱ्या मातीच्या भट्टीत ताव जाई १२०० अंशांच्या आसपास. तेवढ्यात मळी पातळ होऊन वाहते, पण लोखंड घनच राहते, स्पंजासारखा सच्छिद्र गोळा होऊन. तो घणाखाली ठोकून उरलेली मळी पिळून काढायची, मग पांढऱ्या तावात गोळ्याला गोळा जोडायचा. ताव कमी पडला तर सांध्यात मळी अडकते. फार वेळ चढा राहिला तर लोखंडाचे आतले दाणे फुगतात आणि त्याचा चिवटपणा जातो. हे सारे सांभाळायचे ते नुसत्या डोळ्यांनी, रंग पाहून! आणि ओतला असता तर? लोखंडाला कर्ब भरपूर पाजला की ते ११५० अंशांच्या सुमारासच वितळते, पण मग त्याचे बीड होते. बिडाचा तवा हातून निसटला की काय होते, हे आमच्या घरातल्या बायकांना कोणी सांगायला नको.

तरीही लाट मोडलीच. जहांगीराने आपल्या आत्मचरित्रात लिहिले आहे की गुजरातच्या बहादुरशाहाला ती आपल्या मुलखात न्यायची होती आणि उकरताना ती पडून तुटली. बहादुरशाहाने माळवा घेतला तो १५३१ मध्ये. कानपूरच्या आयआयटीतील प्रा. आर. बालसुब्रमण्यम यांनी या खांबाचा बारकाईने अभ्यास केला. त्याच्या लोखंडात कर्ब अगदी थोडा, स्फुरद बराच. स्फुरदाने लोखंड कणखर होते, गंजही कमी चढतो. पण थंड असताना जोराचा धक्का बसला तर ते तडकते. जहांगीराची हकीगत मला म्हणूनच पटते.

कर्ब इतका कमी असल्यामुळे या लोखंडाला पाणी पाजूनही ते कडक झाले नसते. विळ्याच्या वा तलवारीच्या पोलादाची गोष्ट निराळी. ते लालबुंद, पाऊणशे नव्हे, चांगले पावणेआठशे अंशांपर्यंत तापले की अणूंची मांडणी बदलते आणि कर्बाला आत शिरायला जागा मिळते. एकदम पाण्यात बुडवले की त्याला बाहेर पडायला सवड राहत नाही. तो अडकून पडतो आणि सुयांसारखी बारीक रचना तयार होते. कडकपणा तिप्पट-चौपट होतो, पण पाते काचेसारखे ठिसूळ. म्हणून लोहार ते पुन्हा हलके तापवतो. २३० अंशांवर गवती पिवळी छटा येते, ३०० च्या सुमारास निळी. धारेचे हत्यार पिवळ्यावर थांबवायचे, लवचीक हवे ते निळ्यावर. मराठीत आपण याला पाणी म्हणतो, शेजारची हिंदीही पानीच म्हणते, आणि फारसी 'आब' शब्दात पाणी व तेज दोन्ही आहेत.

इंदूरच्या दक्षिणेला नर्मदाकाठी बडवाह आहे. तिथे इंग्रज सरकारने १८६० साली निल्स मितांडर या स्वीडिश तंत्रज्ञाला आणून लोणारी कोळशावर चालणारी झोतभट्टी उभारायला घेतली. म्हणजे आता लोखंडाचा रस होणार होता. १८६४ मध्ये सरकारने हात आखडता घेतला; नियमित उत्पादन कधी झालेच नाही. नेमक्या १८६३-६४ च्या सुमारास शेफील्डला हेन्री सोर्बी पोलादाचा पृष्ठभाग घासून, आम्लाने खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होता. माळव्याचे लोहार जे रंगावरून ताडत, ते त्याला तिथे प्रथम दिसले.

पुढे १८७० च्या दशकात तुकोजीराव होळकरांनी दिलेल्या एक कोटीच्या कर्जातून खंडवा-इंदूर रेल्वे झाली. ती बडवाहवरूनच जाते. तिचे रूळ मात्र विलायतेहून आले.