सज्ञानांची शाळा

गेल्या श्रावणात एका जमिनीच्या दाव्याच्या निमित्ताने आम्हांस सांवेरला जाण्याचा योग आला. इंदूरहून उज्जैनीस जाणाऱ्या रस्त्यावर, सुमारे तीस किलोमीटरवर, खान नदीच्या काठी हे तहसिलीचे गाव वसले आहे. काम आटोपल्यावर आम्ही तेथील प्रसिद्ध उलट्या हनुमंताच्या दर्शनास गेलो. या मूर्तीचे मस्तक खाली आहे. अहिरावणाच्या बंदीतून राम-लक्ष्मणांस सोडविण्यासाठी मारुतिराय पाताळात उतरले ते याच स्थळाहून, अशी भाविकांची श्रद्धा आहे.

मंदिराच्या ओसरीवर एक वृद्ध गृहस्थ आमची वाट पाहत बसले होते. पिढ्यान्‌पिढ्या माळव्यात राहिलेल्या एका मराठी घराण्यातले हे निवृत्त शिक्षक. त्यांनी आपला मोबाइल आमच्या हाती दिला व म्हणाले, "वकीलसाहेब, पस्तीस वर्षे मी लोकांची मुले शिकविली. आता माझ्याच मुलाने बाप कसे व्हावे याच्या वर्गाला बसावे, असा त्याला न्यायालयाचा हुकूम झाला आहे. आमच्या गावचा मारुती उलटा, हे आम्ही भूषणाने सांगतो. पण न्याय उलटा झालेला मी कधी पाहिला नव्हता."

त्यांचा मुलगा अमेरिकेत, फ्लोरिडा राज्यात, नोकरीस आहे. सुनेने घटस्फोटाचा दावा लावला आहे. सहा वर्षांची मुलगी आईजवळ आहे. ठराविक मुदतीत पालकांसाठीचा अभ्यासक्रम पूर्ण करून प्रमाणपत्र दाखल करावे, असे मुलास कळविण्यात आले होते. अभ्यासक्रम ऑनलाइन, म्हणजे घरबसल्या संगणकावर होणारा. परंतु मुलाने हट्ट धरला होता : "मी वर्गाला बसलो तर मी नालायक बाप आहे हे कबूल केल्यासारखे होईल." मुदतीपैकी बराच काळ त्या हट्टात निघून गेला होता. मुलास काय सांगावे, हे गुरुजींना आमच्याकडून हवे होते.

हा प्रश्न एका गुरुजींचा नाही. आपल्या देवस्थानांच्या महाजनांची यादी पाहिली तर ज्यांचे कोणी परदेशी नाही अशी घरे आता मोजकीच सापडतील. म्हणून आम्ही त्यांस जे सांगितले, ते थोड्या विस्ताराने येथे मांडतो.

मराठी न्यायव्यवहारात अठरा वर्षांखालील व्यक्तीस 'अज्ञान' व तो उंबरठा ओलांडलेल्यास 'सज्ञान' म्हणण्याची जुनी वहिवाट आहे. हे दोन शब्द वयाचे आहेत, विद्येचे नव्हेत. तरीही शतकानुशतके राजसत्तेने त्यांचा शब्दशः अर्थ धरला. अज्ञानास शिकवावयाचे, सज्ञानावर विश्वास टाकावयाचा आणि फार तर त्याचा हिशोब तपासावयाचा, हीच रीत राहिली. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात बालकाच्या वारशाचे रक्षण राजाने करावे, तो गुरुगृहाहून परत येईपर्यंत वा बाल्य सरेपर्यंत करावे, असे सांगितले आहे. बालक गुरूकडे जाईल, हे तेथे गृहीत आहे. त्याच्या सांभाळकर्त्याने कोणाकडे जावे, हा विचार तेथे नाही.

सांवेरचा परगणा ज्या होळकर राज्यात होता, त्या राज्याचा इतिहास म्हणजे पालकत्वाच्या प्रश्नांची मालिकाच होय. १७६६ साली मल्हारराव वारले व १७६७ साली त्यांचा नातू मालेरावही गेला. तेव्हा कारभारी गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी एखादे लहान मूल दत्तक घ्यावे व कारभार आपल्या हाती राहावा असा घाट घातला आणि राघोबादादांस आपल्या बाजूस वळविले. अज्ञानाच्या नावाने सज्ञानाने राज्य करावे, असा तो डाव होता. अहिल्याबाईंनी तो ओळखला आणि मोडून काढला. पुढे १८११ साली यशवंतराव वारले तेव्हा तिसरे मल्हारराव अवघे पाच-सहा वर्षांचे होते. त्यांच्या नावाने तुळसाबाई कारभार पाहू लागल्या. १८१७ च्या डिसेंबरात महिदपूरच्या लढाईच्या आदल्या दिवशी त्यांच्याच पक्षाच्या लोकांनी क्षिप्रेच्या काठी त्यांचा वध केला. पाठोपाठ १८१८ च्या जानेवारीत मंदसोरचा तह झाला. राजा अजून बालकच होता. त्याच्या भोवतालच्या सज्ञानांच्या कलहात राज्याचा मोठा भाग गेला.

पुढेही हा प्रसंग पुनःपुन्हा आला. १८४४ साली दुसरे तुकोजीराव, १९०३ साली तिसरे तुकोजीराव व १९२६ साली दुसरे यशवंतराव गादीवर आले, ते तिघेही अल्पवयीन होते. ते सज्ञान होईतो कारभार दुसऱ्यांनी पाहिला आणि त्या काळात त्यांच्या शिक्षणाची काळजी वाहण्यात आली. राजपुत्रांच्या शिक्षणासाठी इंदुरात डेली कॉलेज उभे राहिले, ते आजही आहे. पाल्यास घडविण्याची एवढी सिद्धता झाली. परंतु पालकाने काय शिकावे, याचा एकही वर्ग कोणी काढला नाही.

इंग्रजी अमलातील १८९० चा पालक व पाल्य कायदा हा या विचाराच्या पुढचा टप्पा होय. त्याच्या २० व्या कलमाने पालक हा पाल्याचा विश्वस्त ठरला. २४ व्या कलमाने पाल्याचे पोषण, आरोग्य व शिक्षण पाहण्याचा भार त्याच्यावर आला. ३४ व्या कलमान्वये, न्यायालय फर्मावील तेव्हा, मालमत्तेच्या पालकाने यादी व हिशोब सादर करावयाचा असतो. ३९ व्या कलमान्वये गैरवर्तन वा हयगय करणाऱ्या पालकास दूर करता येते. म्हणजे पालकत्व ही मालकी नसून जबाबदारी आहे, हे तत्त्व आपल्या कायद्यात सव्वाशे वर्षांहून अधिक काळ रुजलेले आहे. मात्र त्या कायद्याला पै-पैचा हिशोब मागता येत असे. मुलाच्या मनाचा हिशोब मागण्याचे साधन त्याच्यापाशी नव्हते.

स्वातंत्र्यानंतर दृष्टी हळूहळू मनाकडे वळली. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याने अज्ञानाचे कल्याण हीच सर्वोपरी कसोटी ठरविली. १९७३ साली रोझी जेकब यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावले की मुले ही आईबापांची जंगम मालमत्ता नव्हेत, की त्यांची खेळणी नव्हेत. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याने न्यायालयावर प्रथम समेटाचा प्रयत्न करण्याचे कर्तव्य टाकले, समुपदेशकांची तरतूद केली आणि पक्षकारास वकील हक्काने मिळणार नाही असेही लिहिले. आम्हां वकिलांस ते कलम रुचले नाही. पण घरचे दुःख घरच्या भाषेत बोलले जावे हा त्याचा हेतू आम्हांस मान्य आहे. १९९९ साली गीता हरिहरन यांच्या खटल्याने आईच्या पालकत्वास तिचे योग्य स्थान मिळाले.

'पालकाला शिकविणे' ही कल्पना आपल्या कायद्याला आता अपरिचितही राहिलेली नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या १८ व्या कलमानुसार, कायद्याशी संघर्ष झालेल्या बालकास बाल न्याय मंडळ समज देऊन घरी पाठवू शकते. परंतु त्यापूर्वी समुपदेशन बालकाचे आणि त्याच्या आईबापांचेही व्हावे, असे ते कलम म्हणते. मूल दत्तक घेऊ इच्छिणाऱ्या दांपत्याच्या घरी समाजकार्यकर्ता येतो, गृहभेटीचा अहवाल लिहितो, त्यांच्या मनाची तयारी करून घेतो. २०२२ च्या सप्टेंबरपासून दत्तकाचा अंतिम आदेश जिल्हाधिकारी देतात; ही तयारी मात्र त्यापूर्वीच व्हावयाची असते. दत्तक घेणाऱ्यास कोणी विचारीत नाही की, "तुम्ही कोणता अपराध केला म्हणून तुम्हांस शिकवावे लागले?"

तथापि घटस्फोटाच्या दाव्यात प्रत्येक आईबापाने अभ्यासक्रम पुरा केलाच पाहिजे, असा सरसकट नियम आपल्याकडे नाही. ही वाट अमेरिकेतील न्यायालयांनी मळविली. १९७० नंतरच्या दशकात तेथील काही न्यायालयांनी विभक्त होणाऱ्या आईबापांसाठी असे वर्ग सुरू केले. १९९३ साली कनेक्टिकट व १९९९ साली न्यू जर्सी या राज्यांनी त्यासाठी कायदे केले. फ्लोरिडाचा नियम गुरुजींच्या मुलास लागू होता, तो असा : अज्ञान मुले असलेल्या दांपत्याचा दावा असेल तर आई व बाप या दोघांनीही किमान चार तासांचा अभ्यासक्रम पुरा करावा, दावा लावणाऱ्याने तो लावल्यापासून व दुसऱ्याने समन्स बजावल्यापासून ४५ दिवसांत तो करावा.

या नियमातील तीन गोष्टी आम्ही गुरुजींच्या ध्यानी आणून दिल्या. पहिली, हा वर्ग दोघांनाही आहे. जिने दावा लावला त्या सुनेलाही तो चुकलेला नाही. कोणाचा दोष सिद्ध होण्यापूर्वीच, किंबहुना दोष पाहिल्यावाचून, तो सर्वांस लागू होतो. दुसरी, त्या वर्गात कोणी जे बोलेल ते, दोन्ही पक्षांनी लेखी संमती दिल्याखेरीज, दाव्याच्या निकालात विचारात घ्यावयाचे नाही असे कायद्यातच लिहिले आहे. तेव्हा वर्गाला बसणे म्हणजे कबुलीजबाब देणे नव्हे. तिसरी गोष्ट कठोर आहे. जो वर्ग टाळील त्यास न्यायालयाच्या अवमानाबद्दल जबाबदार धरता येते, किंवा मुलाच्या सांभाळातील व सहवासातील त्याचा वाटा नाकारता येतो. म्हणजे स्वतःचा मान राखण्यासाठी धरलेल्या हट्टाचे मोल त्या सहा वर्षांच्या मुलीला द्यावे लागले असते.

येथे एक भेदही स्पष्ट केला पाहिजे. मुलाची हेळसांड वा छळ झाल्याच्या संशयावरून तेथील बालसंरक्षण खाते मूल ताब्यात घेते, तेव्हा घालून दिलेल्या अटींतही पालकवर्ग असू शकतो. तो मामला निराळा आणि अधिक गंभीर. १९९७ च्या संघीय कायद्याप्रमाणे मागील २२ महिन्यांपैकी १५ महिने मूल परक्या घरी राहिले, तर काही अपवाद वगळता, आईबापांचे हक्कच संपुष्टात आणण्याचा अर्ज राज्याने करावयाचा असतो. तेथे एकेका चुकलेल्या वर्गाची किंमत फार मोठी असते. परदेशी असलेल्या आपल्या माणसांनी या दोन प्रकारांत गल्लत करू नये. आणि कोणत्याही प्रकारात "आमच्या घराण्यात असे चालत नाही" हे उत्तर देऊ नये.

गुरुजींनी यावर एक शंका काढली व ती रास्त होती. "चार तासांत बाप होता येते काय? संगणक लावून ठेवावा आणि आपण स्वयंपाक करीत बसावे; प्रमाणपत्र तर मिळेलच." आम्ही म्हटले, "गुरुजी, आपल्या वर्गात पट पूर्ण असे. म्हणून सर्वांना गणित येई काय?" ते हसले. प्रमाणपत्र हे हजेरीचे असते, हे खरे. न्यायालय माणसास वर्गात बसवू शकते. त्याच्या अंतःकरणात शिरू शकत नाही. अशा वर्गांना शुल्क असते, भाषा परकी असते, उदाहरणे परक्या घरांची असतात; एकत्र कुटुंबात वाढलेल्या आपल्या माणसास त्यातील काही बोधवचने पोरकट वाटणे शक्य आहे. हे सारे दोष धरूनही आमचे मत ठाम आहे. गंगाधर यशवंतांच्या डावापासून आजच्या कुटुंब न्यायालयापर्यंत पाहिले तर मुलाचे हाल बहुधा त्याच्या अज्ञानाने होत नाहीत, भोवतालच्या सज्ञानांच्या भांडणाने होतात. राजसत्तेने एवढा काळ पाल्यास शिकविले. आता तिने पालकासही चार तास बसावयास सांगितले, तर त्यात उलटे काही नाही. राहून गेलेले एक काम उशिरा हाती घेतले आहे, इतकेच.

त्या रात्री गुरुजींनी मुलास दूरध्वनी केला. पुढे महिन्याभराने ते इंदुरात आमच्या घरी आले. मुलाने दोन बैठकांत अभ्यासक्रम पुरा करून प्रमाणपत्र मुदतीत दाखल केले होते. दाव्याचा निकाल अजून व्हावयाचा होता, पण ठराविक दिवशी मुलगी बापाकडे येऊ लागली होती.

जाण्यास उठताना गुरुजी थोडे घुटमळले. मग म्हणाले, "मुलाने मला त्या वर्गातला एक धडा सांगितला. आईबापांनी एकमेकांचे निरोप मुलाच्या तोंडून धाडू नयेत आणि एका घरची बातमी दुसऱ्या घरी त्याला विचारू नये. वकीलसाहेब, दर रविवारी नात फोनवर आली की मी पहिला प्रश्न हाच विचारीत असे, 'आई माझ्याविषयी काय बोलते?' पोर गप्प बसायची. मला वाटे, फोन नीट लागत नाही."

"आणि आता?" आम्ही विचारले.

"आता मी तिला पाढे विचारतो," गुरुजी म्हणाले, "आणि ती बोलते."