उन्हाच्या औषधातून निघालेली सुई

आपल्याकडे ऊन लागू नये म्हणून बायका छत्री घेतात. १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना विद्यापीठातले संशोधक मात्र कातडी सावळी करणारं औषध शोधत होते! हेतू चांगला होता, त्वचेचा कर्करोग टाळायचा. त्यातलं 'मेलानोटान-२' हे पेप्टाइड मॅक हॅडली यांनी स्वतःलाच टोचून घेतलं, तेही चुकून दुप्पट. ओकाऱ्या झाल्या, आणि लिंगाची ताठरता आठ तास उतरेना.

त्यातूनच 'ब्रेमेलानोटाइड' आलं. व्हायग्रा रक्तवाहिन्यांवर काम करते, हे थेट मेंदूवर. आधी ते नाकात फवारायचं होतं, पण रक्तदाब वाढतो म्हणून २००७-०८च्या सुमारास तो बेत सोडावा लागला. शेवटी २१ जून २०१९ला पोटावर किंवा मांडीत टोचायची सुई मंजूर झाली. पुरुषांसाठी नव्हे हं. पाळी चालू असलेल्या, इच्छा मंदावल्याचा त्रास होणाऱ्या स्त्रियांसाठी.

गुण किती? चाचण्यांत सुमारे २५ टक्के जणींची इच्छा वाढली. पण नुसती लुटुपुटीची सुई घेतलेल्या १७ टक्के जणींचीही वाढलीच होती. ४० टक्के जणींना मळमळ झाली, हे वेगळंच. आणि नवऱ्याशी पटत नसल्यामुळे इच्छा गेली असेल, तर हे औषध त्यासाठी नाही, असं मंजुरीतच लिहिलेलं आहे.