बालसखी उपक्रम

बालसखी उपक्रम हा मुंबई व वडोदरा येथील महानगरपालिकांच्या प्राथमिक शाळांत राबवला गेलेला उपचारात्मक अध्यापनाचा उपक्रम होय. प्रथम या स्वयंसेवी संस्थेने तो १९९८ साली मुंबईत व १९९९ साली वडोदऱ्यात सुरू केला. वाचन व अंकगणित या मूलभूत कौशल्यांत मागे पडलेल्या मुलांना वस्तीतीलच एका तरुणीने, म्हणजे ‘बालसखी’ने, शाळेच्या वेळेत वेगळे बसवून शिकवावे, असे त्याचे स्वरूप होते. अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्तेर दुफ्लो आणि ली लिंडेन या अर्थशास्त्रज्ञांनी २००१ नंतर त्याचे मूल्यमापन केले. वर्गाची पटसंख्या, अध्यापकाचे प्रशिक्षण आणि अध्यापनाची पातळी यांपैकी नेमका कोणता घटक मुलांच्या शिकण्यावर परिणाम करतो, या प्रश्नाच्या अभ्यासात हे संशोधन महत्त्वाचे मानले जाते.

पार्श्वभूमी

बृहन्मुंबई महानगरपालिका मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू व कन्नड अशा आठ माध्यमांच्या शाळा चालवते. कुर्ला, घाटकोपर, अंधेरी, मुलुंड, बोरिवली या उपनगरांतील श्रमिक वस्त्यांमधील अनेक मुले या शाळांत शिकतात. विसाव्या शतकाच्या अखेरीस या शहरात शाळेत नाव नोंदवण्याचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटला होता. परंतु तिसरी-चौथीत पोहोचलेल्या अनेक मुलांना पहिलीच्या पातळीची गणिते सोडवता येत नव्हती. पाठ्यपुस्तक इयत्तेप्रमाणे पुढे जात असे आणि मूल मात्र एक-दोन इयत्ता मागे राहत असे.

१९९४ साली युनिसेफ व महानगरपालिका यांच्या पुढाकारातून मुंबईतील प्राथमिक शिक्षणासाठी प्रयत्न सुरू झाले आणि त्यातून प्रथम ही संस्था उभी राहिली. रसायनशास्त्राचे प्राध्यापक माधव चव्हाण व निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयातील फरीदा लांबे हे तिचे संस्थापक होत. वस्त्यांमधील बालवाड्यांपासून सुरू झालेले संस्थेचे काम पुढे शाळेतील मागे पडलेल्या मुलांकडे वळले.

स्वरूप

तिसरी व चौथीच्या वर्गांतून, मूलभूत कौशल्ये न आलेली सुमारे पंधरा ते वीस मुले निवडली जात. शाळेच्या साधारण चार तासांपैकी सुमारे दोन तास ही मुले बालसखीकडे शिकत. उरलेला वेळ ती आपल्या नेहमीच्या वर्गात बसत. रिकामी वर्गखोली नसल्यास मैदानात किंवा व्हरांड्यातही हे वर्ग भरत.

बालसखी बहुधा त्याच वस्तीत राहणारी, माध्यमिक शिक्षण पूर्ण केलेली तरुणी असे. तिला वर्षारंभी दोन आठवड्यांचे प्रशिक्षण मिळे आणि वर्षभर संस्थेचे मार्गदर्शन लाभे. तिचे मानधन दरमहा ५०० ते ७५० रुपये होते. अंकओळख, मोजणी, एक व दोन अंकी संख्यांची बेरीज-वजाबाकी, अक्षरओळख व साधे वाचन एवढाच अभ्यासक्रम तिच्याकडे असे. मुलाची इयत्ता कोणती आहे, यापेक्षा त्याला आज काय येते, हा तिच्या अध्यापनाचा आरंभबिंदू होता.

संशोधनाची पद्धत

मूल्यमापनासाठी यादृच्छिक नियंत्रित चाचणीची पद्धत वापरण्यात आली. औषधांच्या परीक्षणात रूढ असलेल्या या पद्धतीत कोणाला लाभ द्यायचा हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरवतात. त्यामुळे दोन्ही गट आरंभी सारखेच असतात व पुढे दिसणारा फरक उपक्रमाचाच मानता येतो. मुंबईत कुर्ला परिसर ज्यात येतो त्या एल विभागातील ७७ शाळा अभ्यासात होत्या. दोन्ही शहरे मिळून पाहणीतील विद्यार्थ्यांची संख्या १५,००० हून अधिक होती.

सहभागी शाळेला बालसखी मिळे, परंतु ती कोणत्या इयत्तेसाठी, हे यादृच्छिक पद्धतीने ठरे. एका शाळेतील तिसरीला बालसखी मिळाल्यास, ती न मिळालेली दुसऱ्या शाळेतील तिसरी तुलनेसाठी घेतली जाई. यामुळे कोणत्याही शाळेस पूर्णपणे वंचित ठेवावे लागले नाही. भाषा व गणित या विषयांच्या चाचण्या वर्षारंभी व वर्षाअखेरीस घेतल्या गेल्या. २००२ च्या दंगलींमुळे वडोदऱ्यातील पहिल्या वर्षाचे काम विस्कळीत झाले. दुसऱ्या वर्षी मुंबईतील काही शाळांत ठरल्याप्रमाणे बालसखी पोहोचू शकली नाही. अशा शाळाही विश्लेषणातून वगळल्या नाहीत.

निष्कर्ष

हे संशोधन २००७ साली क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. बालसखी मिळालेल्या वर्गांचे सरासरी गुण पहिल्या वर्षी ०.१४, तर दुसऱ्या वर्षी ०.२८ प्रमाण विचलनाने वाढले. ०.२८ प्रमाण विचलन म्हणजे, शंभर मुलांच्या गुणानुक्रमात मध्यावर असलेले मूल सुमारे अकरा क्रमांक पुढे सरकणे. वाढ मुख्यतः तळाच्या मुलांमध्ये झाली. गणितातील प्रगती भाषेपेक्षा अधिक होती. मुंबईत हा फरक विशेष जाणवला, कारण तेथील बहुतेक मुलांना पहिलीच्या पातळीची भाषा आधीच येत होती.

पटसंख्येविषयीचा निष्कर्ष याहून लक्षणीय ठरला. पंधरा-वीस मुले बाहेर गेल्याने मूळ वर्ग दिवसातील दोन तास लहान होत असे. तरीही वर्गात उरलेल्या मुलांच्या गुणांत उल्लेखनीय वाढ आढळली नाही. प्रशिक्षित व अनुभवी शिक्षकाकडे कमी मुले असूनही लाभ दिसला नाही, तर अल्पप्रशिक्षित बालसखीकडील मुले पुढे गेली. यावरून, निव्वळ वर्ग लहान करण्यापेक्षा मुलाच्या पातळीपासून शिकवणे अधिक परिणामकारक असावे, असे अनुमान संशोधकांनी काढले.

वडोदऱ्यात याच काळात संगणकाच्या साहाय्याने गणित शिकवण्याचा प्रयोगही झाला. त्यात चौथीच्या मुलांना आठवड्यातून दोन तास गणिताचे खेळ दिले जात. दुसऱ्या वर्षी गणिताचे गुण ०.४७ प्रमाण विचलनाने वाढले. मात्र त्याचा वार्षिक खर्च दर मुलामागे १५.१८ डॉलर, तर बालसखीचा २.२५ डॉलर होता. त्यामुळे खर्चाच्या तुलनेत बालसखी उपक्रम सरस ठरला.

उपक्रम थांबल्यावर वर्षभराने लाभ सुमारे ०.१ प्रमाण विचलनापर्यंत घटल्याचे आढळले.

मर्यादा व आक्षेप

या प्रकारच्या उपक्रमांवर मुख्यतः तीन आक्षेप घेतले जातात. तुटपुंज्या मानधनावरील तरुणींकडून शिकवून घेणे हा नियमित शिक्षकभरतीला पर्याय ठरू नये, हा पहिला. मुलांना वर्गाबाहेर काढल्याने त्यांच्यावर ‘कच्चे’ असा शिक्का बसतो, हा दुसरा. मूलभूत वाचन व अंकगणित यांच्या चाचण्यांतून शिक्षणाची व्यापक उद्दिष्टे मोजली जात नाहीत, हा तिसरा.

पटसंख्येविषयीचा निष्कर्षही मर्यादित अर्थानेच घ्यावा लागतो. वर्ग दिवसातील काही काळ लहान झाला, परंतु शिक्षकाचा अभ्यासक्रम व अध्यापनाची रीत तीच राहिली. लहान वर्गाला साजेशी वेगळी अध्यापनपद्धती वापरल्यास काय घडेल, याचे उत्तर या प्रयोगातून मिळत नाही.

नंतरचे प्रयोग

बालसखीचे सूत्र शासकीय शिक्षकांना वापरता येते का, हा पुढील संशोधनाचा विषय झाला. बिहारमध्ये २००८ च्या उन्हाळी शिबिरात शासकीय शिक्षकांनी मुलांच्या पातळीनुसार शिकवले तेव्हा लाभ दिसला. शालेय वर्षात मात्र शिक्षकांना केवळ प्रशिक्षण व साहित्य पुरवल्याने फरक पडला नाही. हरियाणात २०१२-१३ साली शाळेच्या वेळात एक तास वाढवून तो याच कामासाठी राखून ठेवला गेला. त्या तासाला मुलांचे गट इयत्तेऐवजी पातळीप्रमाणे केले व पर्यवेक्षणाची व्यवस्था लावली. तेथे हिंदीच्या गुणांत सुमारे ०.१५ प्रमाण विचलनाची वाढ झाली. अडचण शिक्षकाच्या क्षमतेची नसून त्याला नेमून दिलेल्या कामाची आहे, असा या प्रयोगांचा आशय सांगितला जातो.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ मध्येही हा पेच दिसतो. त्याच्या कलम २४ नुसार, शिक्षकाने संपूर्ण अभ्यासक्रम विहित मुदतीत पुरा करावयाचा असतो. त्याच कलमानुसार, प्रत्येक बालकाची अध्ययनक्षमता जोखून आवश्यक तेथे जादा अध्यापनही करावयाचे असते. मोठ्या व संमिश्र पातळीच्या वर्गात ही दोन्ही कर्तव्ये एकाच तासात पार पाडणे कठीण असते. बालसखीवर यांपैकी पहिल्या कर्तव्याचा भार नव्हता.

प्रभाव

बालसखीतून विकसित झालेली पद्धत पुढे ‘योग्य पातळीवर अध्यापन’ या आशयाच्या इंग्रजी नावाने भारतात व आफ्रिकेतील अनेक देशांत पोहोचली. प्रथमने २००५ पासून ‘असर’ ही ग्रामीण भागातील मुलांच्या वाचन व अंकगणिताची पाहणी सुरू केली. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र हा कार्यक्रम हाती घेऊन प्रत्येक मूल शिकण्यावर भर दिला. केंद्र शासनाच्या २०२१ मधील निपुण भारत अभियानाने तिसरीअखेर पायाभूत साक्षरता व संख्याज्ञान साध्य करण्याचे उद्दिष्ट ठेवले.

अभिजित बॅनर्जी, एस्तेर दुफ्लो व मायकेल क्रेमर यांना २०१९ साली अर्थशास्त्रातील नोबेल स्मृती पुरस्कार मिळाला. जागतिक दारिद्र्य निवारणासाठी प्रायोगिक पद्धत वापरल्याबद्दल तो देण्यात आला. बॅनर्जी यांचा जन्म मुंबईचा असून त्यांच्या आई, अर्थशास्त्रज्ञ निर्मला बॅनर्जी, या माहेरच्या पाटणकर होत.

हेही पहा

प्रथम (संस्था)
उपचारात्मक अध्यापन
बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९
बृहन्मुंबई महानगरपालिका