शब्दवेध : स्टेशन वॅगन

साठच्या दशकातली एखादी गंजलेली 'रॅम्बलर अमेरिकन' स्टेशन वॅगन दुरुस्तीसाठी विकायला निघाली, तर घेणाऱ्याने आधी तिच्या नावातलं रेल्वे स्टेशन ओळखावं. अमेरिकेत स्टेशनला 'डेपो'ही म्हणत. तिथून प्रवासी आणि त्यांच्या ट्रंका हॉटेलात पोचवणारी घोडागाडी, म्हणजे 'डेपो हॅक'. पुढे फोर्डच्या 'मॉडेल टी'च्या सांगाड्यावर लाकडी साटा चढवला गेला आणि तेच काम मोटार करू लागली. दुसऱ्या महायुद्धानंतर पोलादाने लाकूड हटवलं, 'स्टेशन वॅगन' हे नाव टिकलं. ब्रिटिश तिला 'इस्टेट' म्हणतात. मला अमेरिकी नावातली पाहुण्याला आणायला जाण्याची आपुलकी अधिक भावते. आणि सुरुवातीच्या त्या गाडीच्या नावातलं 'रॅम्बलर' म्हणजे भटक्या. मोटारींआधी या नावाच्या सायकली शिकागोत बनत.